तापाची गोष्ट

डॉक्टरांची चिठ्ठी म्हणून त्या माणसानं जो कागद पुढे केला, तो डॉक्टरांचा नव्हताच. कुठल्यातरी जुन्या पाकिटाची पाठ होती, कात्रीनं सरळ कापलेली, आणि तिच्यावर निळ्या शाईत, एकेक अक्षर सुटं, शिरोरेघा पट्टीनं मारल्यासारख्या: ‘कानाची तपासणी. दुसरा मजला, जिन्यावरून उजवीकडे तिसरं दार. बाई मोठ्यानं बोलतात, पण रागावलेल्या नसतात.’ तिनं कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि टेबलावर ठेवून त्याच्यावर तपासणीचा फॉर्म ठेवला, जणू खोलीत वारा सुटला होता. अक्षर बाबांचं होतं. बाबांना जाऊन अडीच महिने झाले होते. या अडीच महिन्यांत तिनं त्यांचे सदरे दिले, चपला दिल्या, पेन्शनच्या कार्यालयात जाऊन मृत्यूचा दाखला दिला, आणि कुठेही ती अडखळली नाही. आता अडखळली ती एका वाक्यावर. बाई मोठ्यानं बोलतात. हे बाबांनी आपल्याच मुलीबद्दल लिहावं!

“हे कोणी लिहून दिलं?” तिनं विचारलं.

“काय?”

“कोणी लिहून दिलं हे?” ती मोठ्यानं म्हणाली.

“हां. आमच्या वॉर्डात यायचे एक. बसणारे काका म्हणायचो आम्ही त्यांना.” म्हातारा हसला. सत्तरीचा असावा. व्यवसायाच्या रकान्यात त्यानं ‘शिंपी’ लिहिलं होतं आणि पुढे कंसात ‘होतो’. “तुमच्या कोटाची खांद्यावर शिलाई उसवली आहे बाई. आतून दोन टाके घाला, नाहीतर बाही हातात येईल. ओळखता का तुम्ही त्यांना?”

“आत बसा आधी,” ती म्हणाली. “तपासणी होऊ दे.”

आवाजबंद खोलीचं दार जाड असतं, लावताना आधी खांद्यानं रेटावं लागतं आणि मग ते स्वतःच हवा ओढून घेत बसतं. आत एक खुर्ची, भिंतीला भोकाभोकांचे पत्रे, आणि एक लहानशी काच, जिच्यातून बाहेर यंत्रापुढे बसलेली ती दिसते. तिनं शिंपीकाकांच्या कानांवर हेडफोन चढवला, लाल उजवीकडे, निळा डावीकडे, हातात बटण दिलं आणि रोजचं वाक्य म्हटलं: आवाज कितीही बारीक असो, आला असं वाटलं की दाबायचं. मग बाहेर येऊन दार लावलं. आतल्या माणसाचं बोलणं बाहेरच्या छोट्या स्पीकरवर ऐकू येतं, हे आतल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. लोक तिथे एकटे पडले की काहीबाही बोलतात. सुनेला नावं ठेवतात, एखादी बाई गाणं गुणगुणते, एक निवृत्त मुख्याध्यापक तर दर वेळी स्वतःलाच म्हणायचे, ‘आता लक्ष द्या.’ शिंपीकाका म्हणाले, “घ्या काका, आलो एकदाचा. तुम्ही काही आला नाहीत.”

तिनं पहिला आवाज सोडला. बटणाचा दिवा लागला. दहा डेसिबलनं खाली, पुन्हा दिवा, पुन्हा दहानं खाली, दिवा नाही, पाचनं वर. हे काम हातांना इतकं येत होतं की डोकं मोकळं राहायचं, आणि मोकळं राहणं अलीकडे परवडत नव्हतं. बाबांची तपासणी ती दर वर्षी याच खुर्चीत करायची. टपाल खात्यात पत्रं वेगळी करण्याच्या टेबलाशी तीस वर्षं काढलेला माणूस, कान गेले ते मात्र नोकरीनं नाही, सुट्टीच्या दिवसांनी. खांद्यावरचा भोंगा, चौकात स्टुलावर उभं राहून धर्मप्रचार, आणि तो भोंगा नेमका उजव्या कानाशी. बाबा खुर्चीत बसले की बटण फार उशिरा दाबायचे. तिला कळायचं की आवाज त्यांना पोचतोय, डोळ्याची पापणी हलते आहे, पण अंगठा हलत नाही. “बाबा, शंका आली तरी दाबा,” ती माइकमध्ये सांगायची. त्यावर ते काचेतून तिच्याकडे बघत म्हणाले होते, “शंकेला साक्ष म्हणत नाहीत. तूच शिकवलंस.” आणि हसले होते, खरंच हसले होते, टोमणा मारण्याची त्यांची जातच नव्हती. त्या वर्षीचा आलेख होता त्यापेक्षा वाईट आला. तिनं मुकाट्यानं दोन ठिपके वर सरकवले.

साक्ष हा त्यांच्या चर्चच्या मंडळीतला रोजचा शब्द. प्रत्येकाकडे एक साक्ष असायचीच: मी असा होतो, मग हे घडलं, आता मी असा आहे. कुणाची दारूची, कुणाची मोडलेल्या संसाराची. बाबांची साक्ष म्हणजे ती. ती सात वर्षांची असताना तिला चौदा दिवस ताप होता. “नवव्या दिवशी,” बाबा भोंग्यातून सांगायचे, आणि इथे एक श्वास घ्यायचे, “डॉक्टरांनी हात टेकले. मी गुडघे टेकले.” मग तिला स्टुलावर उभं करायचे. ही बघा. ती त्या ‘बघा’साठी उभी राहायची, आठव्या वर्षी, दहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, वेण्या घालून, आणि भाजी घेऊन घरी चाललेली माणसं तिच्याकडे अशी बघायची, जणू ती अजून थोडी आजारी असती तर बरं झालं असतं. बाबा स्वतः असेच चौकात सापडलेले. चोविसाव्या वर्षी, खिशात दुसऱ्या गावच्या नोकरीचं पत्र, आणि रस्त्यात एक अनोळखी माणूस देवाबद्दल घसा फोडून ओरडत होता. बाबा थांबले. त्या थांबण्यानं त्यांचा थोरला भाऊ सुटला, घर सुटलं, नाव तेवढं जुनं राहिलं. “तो माणूस लाजाळू असता,” ते म्हणायचे, “तर मी पुढे निघून गेलो असतो. पत्र पोचवणं आपलं काम. उघडायचं की फाडायचं, ते घेणाऱ्यानं ठरवावं.” आई या सगळ्यात कधीच गेली नाही. ती दवाखान्यात परिचारिका होती, देवाचं नाव घेऊन कधी कुणाला सुई टोचली नाही. “ह्यांचं तोंड, माझे हात,” एवढंच ती म्हणायची. “घरात एकच वाद्य बरं.”

डावा कान. शिंपीकाकांचा उंच आवाजांचा भाग पार गेला होता, शिलाईच्या यंत्राशेजारी पन्नास वर्षं बसलं की जातो. ते मधूनच बटण दाबत होते, तिनं काहीही सोडलेलं नसताना. असे दाबणारे असतात. त्यांना ऐकू येत नसतं, पण समोरच्या बाईला वाईट वाटू नये असं वाटत असतं. तिनं थांबून पुन्हा सुरुवात केली.

एकोणिसाव्या वर्षी ती विज्ञान शिकत होती, आणि शिकलेलं कुठेतरी लावून बघायची घाई होती. आईच्या पेटीत तिला त्या तापाचा केसपेपर सापडला. डॉक्टरांनी हात वगैरे काही टेकले नव्हते. ते दिवसातून दोनदा येत होते. आठव्या दिवशी त्यांनी औषध बदललं होतं, दहाव्या दिवशी ताप उतरायला लागला होता. तारीख, वेळ, मात्रा, खाली सही. तिनं तो कागद तीन आठवडे वहीत ठेवला. घरी बोलता आलं असतं. जेवताना, जिन्यात, कुठेही. मग एका सुट्टीच्या संध्याकाळी बाबांनी चौकात नववा दिवस आणला, श्वास घेतला, हात टेकले, गुडघे टेकले, आणि ती आता स्टुलावर उभी राहण्याच्या वयाची नव्हती म्हणून नुसता तिच्याकडे हात केला. ती पुढे गेली. बाबांना वाटलं मुलगी आज आपणहून साक्ष देणार. त्यांचा चेहरा असा उजळला की त्या उजेडाकडे बघायचं तिनं टाळलं. त्यांनी माइक तिच्या हातात दिला. ती म्हणाली, “डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. त्यांनी औषध बदललं होतं. केसपेपर घरी आहे, कुणाला बघायचा असेल तर.” गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. कुणीतरी म्हणालं, “घरचा आहेर!” बाबांनी माइक परत घेतला. ते म्हणाले, “मुलगी खरं बोलते आहे.” मग बटण बंद केलं, स्टूल उचललं, आणि दोघं एकामागोमाग घरी आली. त्यानंतर बाबा कधी चौकात उभे राहिले नाहीत. भोंगा त्यांनी मंडळीला देऊन टाकला. आईनं त्या दिवशी भांडी घासताना, मान न वळवता, एकच वाक्य काढलं होतं: “खरं बोललीस गं. पण खरं बोलायला तुला माइकच लागला का?”

पुढे लोक म्हणाले, बरंच झालं. ती स्वतःही म्हणायची, मनाशी, बरंच झालं. कारण बाबा दवाखान्यात जायला लागले. ज्यांच्याकडे कुणी येत नाही अशांच्या खाटेशी बसायचे. पाणी द्यायचे, उशी सारखी करायचे, चष्मा पुसून द्यायचे. ना पुस्तक, ना पत्रक, ना नाव. आई एकदा म्हणाली, “आले शेवटी माझ्या खात्यात.” लेकीनं आपल्या वाचलेल्या पुस्तकांच्या आधारानं त्याला अर्थही लावून ठेवला होता: ओरडणारा धर्म आणि सोबत करणारा धर्म, आणि आपण एकाला दुसऱ्यात ढकललं. वाईट मार्गानं का होईना, चांगल्या जागी ढकललं. अंत्यविधीच्या वेळी नव्या तरुण पाळकांनी शवपेटीपाशी उभं राहून विचारलं होतं, ‘आज इथे कुणाला विश्वास स्वीकारायचा निर्णय घ्यायचा आहे का?’ आणि दोघा पोरांनी छापील निर्णयपत्रिका रांगांमधून फिरवल्या होत्या, खाली फोन नंबरासाठी जागा. तिला किळस आली होती आणि त्या किळसेत एक समाधानही होतं: बाबा यातून केव्हाच बाहेर पडले होते. तिच्यामुळे.

तिनं दार उघडलं. हवा सुटल्याचा आवाज झाला. “झालं, काका. बाहेर येऊ नका, बसा तिथेच, मी समजावते.” खुर्ची ओढून ती दारातच बसली, गुडघ्यावर आलेख ठेवून. सांगायचं ते सांगितलं: दोन्ही कानांना यंत्र लागेल, सवय व्हायला महिना जाईल, सुरुवातीला ताटवाट्यांचा आवाज अंगावर येईल. ते लक्ष देऊन ऐकत होते, ओठांकडे बघत. मग म्हणाले, “ते कुठे असतात हो आता? काका. दीड महिना रोज यायचे. माझी पिशवी रिकामी करण्यापासून सगळं केलं त्यांनी, लघवीची पिशवी, लाज वाटायची मला. मी म्हटलं, काका, तुम्ही कुणाचे? तर म्हणे, कुणाचा नाही, बसतो झालं.”

“बोलायचे का काही?” तिनं विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही, पुन्हा विचारावं लागलं.

“हवापाण्याचं. कापडाचं. टेरिकॉट का बंद झालं यावर दोन दिवस बोललो आम्ही. पण मी काय आंधळा आहे का? असा माणूस उगीच येत नाही. कुणालातरी मानत असणार. मी विचारलं एक दिवस. म्हटलं, काका, तुमचा जो कोण असेल त्याचं नाव सांगा, मलाही घेऊ दे. माझ्याकडे तरी दुसरं कोण येतंय.” त्यांनी हातातलं बटण खाली ठेवलं. “नाही सांगितलं.”

“नाही?”

“नाही सांगितलं! म्हणे, मी एके काळी फार बोललो, आता तो हक्क राहिला नाही. मी म्हटलं, अहो, तुम्ही कुठे बोलताय, मी विचारतोय. तर म्हणे, आजारी माणसानं विचारलेलं धरू नये, तुम्ही बरे व्हा, मग विचारा, मग सांगेन. मी बरा झालो. घरी सोडलं. ते येणार होते, पत्ता लिहून घेतला होता त्यांनी. मी रोज वाट बघतोय. रागावलोय मी त्यांच्यावर, खरं सांगतो. तहानलेल्याला म्हणायचं, आधी घाम पूस, मग पाणी देतो. ही कसली रीत?”

बाहेर चार-पाच जण थांबले होते, दार उघडंच होतं. नोंदणीच्या टेबलावरची मुलगी हातातला फोन खाली ठेवून तिच्याकडे बघत होती. तिला त्या क्षणी कुणाचीच पर्वा वाटली नाही, कारण तिला वॉर्ड दिसत होता, दुसराच, बाबांना ठेवलं होतं तो, आठ खाटांचा, भेटीच्या वेळेचा दुपारचा उजेड. बाबा उताणे, कानात यंत्रं नाहीत. यंत्रं तिच्या पर्समध्ये होती. कानात बसणाऱ्या साच्याची नळी कडक होऊन शिट्टी वाजत होती, म्हणून तिनं यंत्रं काढून घेतली होती, उद्या बदलून आणते म्हणाली होती. तिच्यासारखीनं, जिचं हे कामच, एक जास्तीची नळी जवळ ठेवू नये! ऐकू न येणारा माणूस मोठ्यानं बोलतो. बाबा मोठ्यानं म्हणाले, “ती गोष्ट सांग ना. तुझ्या तापाची.” आठही खाटा वळल्या. शेजारच्या खाटेवरचा मुलगा, त्याची बायको, डबा घेऊन आलेली कुणाची तरी मावशी. सांगायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं असतं. भर वॉर्डात. ती चौकात उभी होती पुन्हा, स्टुलावर, वेण्या घातलेली. आणि शिवाय, कुठली गोष्ट? त्यांची, की केसपेपरवरची? हा प्रश्न तिला त्या वेळी इतका महत्त्वाचा वाटला. ती म्हणाली, “घरी गेल्यावर सांगते.” त्यांनी ओठांवरून तेवढं वाचलं. मान हलवली, जशी बस चुकल्यावर माणूस पुढच्या बसची वाट बघायला मान हलवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेल्याचा फोन आला. नवी नळी तिनं तोवर घातलेली होती.

मेल्या माणसाला आपण काय देणं लागतो याची एक यादी तिनं अडीच महिन्यांत केली होती आणि ती यादी तिला तोंडपाठ होती. तिच्यात हे नव्हतं. तिनं त्यांचा आवाज बंद केला, हे तिला ठाऊक होतं. पण जिथे कुणी हात पसरून मागितलं तिथेही तो बंदच राहिला, हे आज कळत होतं. एका माणसानं विचारलं आणि बाबांनी अंगठा हलवला नाही. शंभर टक्के खात्री नव्हती त्यांची, की आपल्याला बोलण्याची परवानगी आहे. सोळा वर्षं तिनं एकदाही म्हटलं नव्हतं, बाबा, आता बोला.

“काका,” ती म्हणाली, “ते वारले. अडीच महिने झाले. ते माझे वडील होते.”

शिंपीकाका तिच्या ओठांकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं नाही, काय म्हणालात. हेडफोन अजून त्यांच्या मांडीवर होता, तो त्यांनी हळूच बाजूला ठेवला, आणि मग तिच्या उसवलेल्या खांद्यावर हात ठेवला, मोजमाप घेताना ठेवतात तसा, हलका. “म्हणजे मुद्दाम नाही आले असं नाही,” ते म्हणाले.

“नाही. मुद्दाम नाही.”

“मग तुम्ही सांगा.”

“काय?”

“नाव. तुम्हाला ठाऊक असेल ना. मी बरा आहे आता. पायांनी जिना चढून आलोय.”

“येशू,” ती म्हणाली. मोठ्यानं म्हणावं लागलं. बाहेरची खुर्ची करकरली. “येशू ख्रिस्त.”

“तो होय!” शिंपीकाका म्हणाले. “मग त्यात एवढं लपवण्यासारखं काय होतं? मला वाटलं कोण नवाच आहे. आणि त्यांना कसा भेटला तो?”

ती सांगायला लागली. कुठून सुरुवात करायची ते ठाऊक नव्हतं, म्हणून चौकातून केली, चोविसाव्या वर्षापासून, नोकरीच्या पत्रापासून. मग ताप. नवव्या दिवसापाशी ती आली आणि तिनं श्वास घेतला. डॉक्टर दिवसातून दोनदा येत होते, ती म्हणाली, त्यांनी हात टेकले नव्हते. औषध बदललं होतं. आणि मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, खोलीभर, जिन्यापर्यंत: “आणि माझे वडील खाटेशी गुडघे टेकून बसले होते. कपाळ खाटेच्या लोखंडी दांड्यावर. दुपार होती. मी डोळे उघडले तेव्हा ते उठले, आणि त्यांच्या कपाळावर दांड्याचा वळ होता, आडवा, लाल. मी हात लावून बघितला होता त्याला. हे मी पाहिलंय. हे केसपेपरवर नाही.” हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांनीही नाही, त्यांना स्वतःचं कपाळ कुठलं दिसायला. तो वळ बघणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते एकोणिसाव्या वर्षी माइक हातात घेऊन कागदाबद्दल बोललं होतं.

नोंदणीची मुलगी दारात आली होती. “मॅडम, बाहेर लोक...” ती म्हणाली आणि थांबली.

“मग ताप उतरला,” शिंपीकाका म्हणाले.

“उतरला.”

“कोणी उतरवला?”

“बाबा म्हणायचे, येशूनं.”

“ते झालं त्यांचं. तुम्ही काय म्हणता?”

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे सोळा वर्षं तयार होतं, औषधाच्या नावासकट, मात्रेसकट, सहीसकट. ते कुठेही गेलं नव्हतं, खरंही होतं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

शिंपीकाकांनी हात कानामागे नेला. “ऐकू नाही आलं, बाई.”

ती पुढे वाकली. बाहेरची माणसं बोलायची थांबली होती, जिन्यावरून येणारं कुणीतरी मधल्या पायरीवर उभं राहिलं होतं, आणि तिनं दाराकडे बघितलं नाही.

“मला माहीत नाही, काका,” ती भोंग्याला शोभेल अशा आवाजात म्हणाली. “मी बाबांना विचारायला हवं होतं.”